वंगण घातलेलं चाक

१९६७ साल, एप्रिलची अकरा तारीख, मंगळवार. सकाळचे आठ वाजले होते आणि माझे वडील कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात फरशीवर उताणे पडले होते. डोकं माझ्या टेबलाखाली, बाहेर नुसते पाय आणि धोतराचा सोगा.

"बाबा, काय करता? धोतर मळेल."

"मळू दे. तुह्या चाकाचं रडणं ऐकवत नाही मले. कुईकुई, कुईकुई. बाहेरगावचा परीक्षक येणार, अन् त्याच्यासमोर आपलं चाक असं रडणार? लोकं म्हणतील, तेल्याच्या घरी वंगणाले तेल नाही."

मी हसले. त्यांनी आतून हात बाहेर काढला, मी त्यांच्या बोटांवर वंगणाची डबी ठेवली. ती डबी मी दिली, हे आधीच सांगून टाकते.

टेबल म्हणजे आमच्या बैलगाडीचं जुनं चाक. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रबंधासाठी मला एक फिरणारं गोल टेबल हवं होतं आणि विभागप्रमुख पिंपळखुटे सरांनी सांगून टाकलं होतं की असल्या लहरींसाठी विभागाकडे पैसे नाहीत. मग पुलगावजवळच्या आमच्या गावाहून बाबांनी चाक आणलं, कण्यावर आडवं बसवलं, वर फळ्या ठोकून रंधा मारला. कमरेइतकं उंच, एका माणसाला मिठीत घेता येणार नाही एवढं रुंद. टेबलाच्या कडेने आठ तिवया ठेवल्या, प्रत्येकीवर एक रिकामा तेलाचा डबा आडवा, तोंड टेबलाकडे. डबे जागचे हलत नसत. मधलं टेबल तेवढं फिरे, तेही दोन्ही हातांनी जोर लावला तर. त्या दिवसापासून सर मला नावाने हाक मारेनासे झाले. "काय टेबलवाली, उंदीर काय म्हणतात?"

उंदरांचं असं होतं. आमच्या घरी लाकडी घाणा. पवळ्या नावाचा बैल डोळ्यांवर झापडं बांधून दिवसभर गोल फिरायचा. संध्याकाळी बाबा त्याला सोडायचे ते कधी भिंतीकडे, कधी दाराकडे, फेरी जिथे संपेल तिथे. झापडं काढायच्या आधीच पवळ्या वळायचा आणि सरळ गव्हाणीकडे चालू लागायचा. शेकडो फेऱ्या मारून, डोळे बंद असताना. लहानपणी मी बाबांना विचारलं, याला कसं कळतं? ते म्हणाले, "त्याच्या डोक्यात कोणीतरी बसून मोजत असंल."

पुस्तकात मला ते मोजणारं कोणी सापडलं नाही. सर वर्गात सांगायचे, जनावर डोळ्यांनी पाहून जातं नाहीतर वासाने जातं, तिसरं काही नाही. मला तिसरं हवं होतं. म्हणून खोलीला काळे पडदे, फोटोवाल्याकडून आणलेला लाल दिवा, कारण लाल उजेड उंदराला दिसत नाही आणि आपल्याला पुसटसं दिसतं. टेबल स्पिरिटने पुसायचं आणि दर खेपेला फिरवून ठेवायचं, म्हणजे जुन्या वासाचा माग राहायला नको. मग उंदीर आपल्या डब्यातून निघे, अंधारात वाकडातिकडा भटके, पेंडीचा खडा सापडला की तोंडात धरून थेट आपल्या डब्यात. आलेल्या वाटेने नाही, सरळ रेषेत. सगळ्यात हुशार उंदरीण होती तिचं नाव विभागातल्या शिपायाने, हरबाजींनी, रखमा ठेवलं होतं. रखमाचं घर तीन नंबरच्या डब्यात. शेहेचाळीस खेपांपैकी एकेचाळीस वेळा ती बरोबर घरी गेली होती.

त्या दिवशी माझी तोंडी परीक्षा होती आणि परीक्षकांसमोर रखमा चालून दाखवणार होती. हिंगणघाटच्या एका घरातून मला मागणी आली होती. माणसं बरी होती, पण मला लग्न नको होतं, मला ती खोली हवी होती. बाबांनी माझ्याशी ठराव केला होता, "तू पास झाली तं मी त्याइले नाही म्हणतो, तू कर नोकरी, कर तुहे उंदीर. नापास झाली तं मंग हो म्हणीन. मंग रडायचं नाही."

"नाही रडणार," मी म्हटलं होतं.

साडेदहाला सर परीक्षकांना घेऊन आले. परीक्षक जबलपूरकडचे, वैशंपायन नावाचे, वाळकुडे, सौम्य गृहस्थ. बाबा दाराबाहेर बाकावर जाऊन बसले. जाताना त्यांनी एका बोटाने टेबल ढकलून पाहिलं. ते आवाज न करता फिरलं. बाबांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं. मी खडूने टेबलावर एक रेघ आणि तीन नंबरच्या तिवईवर एक रेघ ओढली, समोरासमोर. ती माझी रोजची पद्धत होती.

हरबाजींनी पडदा सोडला. लाल उजेडात चौघांचे चेहरे तेवढे राहिले.

"हं, टेबलवाली, सोडा तुमची नटी," सर म्हणाले.

रखमा निघाली. मी घड्याळ धरून तिच्याकडेच बघत होते. बाकी सगळंच विसरले होते. दीड मिनिटाने तिला पेंड सापडली. पण त्या दिवशी खडा मोठा होता. तो तिने उचलला नाही, तिथेच बसून कुरतडू लागली.

"डॉक्टर, इकडून बरं दिसेल तुम्हाला," सर हळू आवाजात परीक्षकांना म्हणाले. सर भारी अंगाचे. उभं राहून बोलायचं म्हणजे त्यांना काहीतरी टेकायला लागायचं. वर्गात टेबल, कचेरीत कपाट, लग्नात मांडवाचा खांब. ते परीक्षकांकडे सरकत बोलत होते, गेल्या वर्षीच्या कुठल्या तरी परिषदेतल्या जेवणाबद्दल. चांगली दोन-अडीच मिनिटं गेली.

मग रखमाने उरलेला खडा तोंडात धरला, मान वळवली आणि निघाली. काय निघाली! जराही न थांबता, सुतासारखी सरळ, चार नंबरच्या डब्यात.

चार नंबरमध्ये दुसरी उंदरीण होती. आत चीं चीं झाली आणि रखमा उलटी बाहेर पडली.

"अहो, तुमची रखमा शेजारणीच्या घरात शिरली!" सर मोठ्याने हसले. परीक्षकही हसले. "लावा दिवा हरबाजी. झालं नाटक."

दिवा लागला. मी तिवईकडे बघितलं. तीन नंबरच्या रेघेसमोर टेबलावरची रेघ नव्हती. ती हातभर पुढे, चार नंबरसमोर गेली होती. आणि त्या रेघेच्या मागे, टेबलाच्या कडेवर सरांचं कोपर अजून टेकलेलं होतं.

"सर, ती चुकली नाही. टेबल फिरलंय."

"आपोआप?"

"ही रेघ बघा ना. आधी इथे होती. टेबल हातभर फिरलं आणि तिच्यासकट फिरलं. तिला कळलंच नाही. ती तिच्या हिशोबाने घरीच गेली सर, घर तिच्या हिशोबाने तिथेच होतं!"

"टेबल फिरवलं कोणी? भूत आलं होतं का पडद्यामागे?"

मी बावीस वर्षांची होते. गप्प बसायचं कधी हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि देवाची शपथ, आजही कळत नाही. "सर, तुमचं कोपर टेकलेलं आहे."

सरांनी कोपर उचललं. टेबल जरासं मागे आलं. ते मी पाहिलं, वैशंपायनांनीही पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, मला माहीत आहे.

"म्हणजे चूक माझी," सर शांतपणे म्हणाले. "हरबाजी, तुम्ही माझ्या बाजूलाच होता. टेबल हललं का?"

हरबाजी अठरा वर्षं त्या विभागात होते. निवृत्तीला सहा उरली होती. त्यांनी पडद्याची दोरी दोनदा हाताला गुंडाळली. "मले अंधारात काही दिसलं नाही जी."

आवाज ऐकून बाबा आत आले होते. चप्पल बाहेर काढून, टोपी नीट करून. मी त्यांना हाताने नको म्हणत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"साहेब, चूक माही हाये," ते म्हणाले. "सकाळी मीच चाकाले वंगण घातलं. कालपावतर त्याले फिरवायले दोन हात लागे, अन् फिरलं तं गल्लीभर ऐकू जाये. आता फुंकरीनं फिरते. तुमी टेकले असान, ते हळूहळू सरकलं असंल. तुमाले समजलं नाही, उंदराले बी समजलं नाही."

आजपर्यंत मी इतकं स्वच्छ शास्त्र कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण सरांनी त्यातलं एकच ऐकलं. आपण आणि उंदीर एका वाक्यात.

"डॉक्टर, ऐकलंत?" ते परीक्षकांकडे वळले. "परीक्षेच्या दिवशी सकाळी उपकरणात फेरफार केला, असं मुलीचे वडीलच सांगताहेत. आता मी काय बोलू?"

"फेरफार नाही जी, वंगण..."

"तेच ते." आणि मग आवाज खाली आणून, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच, "सकाळी सकाळी तेली समोर आल्यावर दुसरं काय व्हायचं होतं!"

तेली समोर आला की काम फिसकटतं असं मानणारे लोक तेव्हा होते. शिकलेले होते, शास्त्र शिकवणारे होते. बाबांनी पुन्हा टोपी नीट केली. ती नीटच होती.

"साहेब," ते परीक्षकांना म्हणाले, "आता मी तुमच्यासमोर हळू फिरवून दाखवतो. मंग जोरानं फिरवून दाखवतो. पाच मिन्टाचं काम. तुमीच पाहा."

वैशंपायनांनी टेबलाकडे बघितलं. वाटलं, हा माणूस हो म्हणतोय. त्यांचं तोंडही उघडलं. मग ते सरांकडे वळले, "माझी गाडी किती वाजताची म्हणालात?"

"चारची. पण जेवणं व्हायचीत, थोडं आडवं व्हायचं आहे. घरी पुरण शिजलंय तुमच्यासाठी."

ते गेले. माझ्या तोंडी परीक्षेत प्रबंधावर एकही प्रश्न विचारला गेला नाही.

मी फरशीवर बसले आणि रडायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं तरी रडले. बाबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता सोड तिले."

"कशाला? ते गेले."

"ते गेले. उंदीर आहे ना. चाक आहे ना. सोड."

हरबाजींनी कोणी न सांगता पडदा ओढला. बाबा टेबलापाशी उकिडवे बसले, अंगठा कडेला लावून. रखमा पेंड कुरतडू लागली की मी "हं" म्हणायची आणि ते चाक अंगठ्याने सरकवायचे, इतकं हळू की मला लाल उजेडात रेघ हललेलीही दिसायची नाही. घाण्याच्या बैलामागे तीस वर्षं चाललेला माणूस तो. सहा वेळा हळू फिरवलं. पाच वेळा रखमा ठामपणे, न डगमगता, शेजारच्या डब्यात गेली. मग सहा वेळा झटक्यात फिरवलं, तेवढंच अंतर. ती क्षणभर चारी पाय रोवून बसली, आणि पाच वेळा वळून स्वतःच्या घरी गेली. तीन नंबरमध्ये. टेबल फिरलं होतं तरी.

"समजलं?" बाबा अंधारात म्हणाले. "झटका बसला तं तिले समजते, ती हिशोब बदलते. कोणी गोड गोड, हळूच फिरवलं तं नाही समजत. वासानं जाते म्हणे! वास असा फसत नाही. तिच्या डोक्यात मोजणारा हाये, शकू." माझं नाव द्वारका. शकू ते मला फार खूष असले की म्हणत.

मी तीन कागदांवर सगळं लिहिलं. बारा खेपा, अंतरं, वेळा, आकृती. दीड वाजता भर उन्हात सरांच्या बंगल्यावर पोचले. सर हात पुसत बाहेर आले. पुरणाचा वास येत होता.

"परीक्षक झोपलेत. काय आहे?"

मी सांगितलं. भडाभडा सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही. कागद घेतले. आणि इतक्या मऊ आवाजात बोलले, की दोन वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता.

"मी देतो त्यांना. तुम्ही हुशार आहात, गुल्हाने. सकाळचं मनावर घेऊ नका, माणूस बोलून जातो. काळजी करू नका, घरी जा. उन्हाचं इथे उभ्या राहू नका."

मी म्हटलं, "बरं सर."

सकाळी ते तोंडावर हसले तेव्हा मी उलट बोलले होते. आता ते गोड बोलले आणि मी वळले. चारच्या गाडीवर मी जायला हवं होतं, फलाटावर वैशंपायनांना गाठून त्यांच्या हातात कागद द्यायला हवे होते. मी घरी गेले. सरांचा राग मला अठ्ठावन्न वर्षं येतोय, पण त्या "बरं सर"चा त्याहून जास्त येतो.

जूनमध्ये निकाल लागला. प्रबंधाला नापास. शेरा होता: उपकरण अविश्वसनीय, निष्कर्ष कल्पनाधारित. डिसेंबरात माझं हिंगणघाटला लग्न झालं.

माझा नवरा चांगला होता. त्याने मला बी.एड. करू दिलं, मी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी आठवीच्या मुलांचे डोळे बांधून त्यांना मैदानात भटकवायचे आणि म्हणायचे, आता सरळ घंटेकडे जा. बहुतेक जण जवळपास पोचत. हेडमास्तरांना तो पोरखेळ वाटे.

पवळ्या त्याच पावसाळ्यात गेला. बाबांनी दुसरा बैल घेतला नाही, गावात यंत्राचा घाणा आला होता. बाबा त्र्याऐंशी साली गेले. शेवटपर्यंत त्यांची समजूत होती की वंगणाने माझं आयुष्य वाया गेलं. मी शंभरदा सांगितलं, बाबा, वंगण नसतं तर ते सापडलंच नसतं. ते म्हणायचे, "सापडून काय उपेग झाला?"

हरबाजी निवृत्त झाल्यावर माझा पत्ता काढून हिंगणघाटला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, टेबल हललं होतं. मी पाहिलं होतं." मग खाली बघत, "अन् ते तुमचे कागद. सरांनी दुसऱ्या दिवशी माह्याजवळ दिले. म्हणाले, पिंजऱ्यात अंथर. रखमाच्याच पिंजऱ्यात अंथरले मी. मले वाचता येत नव्हतं बाई, पण अक्षर तुमचं आहे हे समजत होतं." मी त्यांना आत बोलावलं नाही. तेव्हा बोलावलं नाही याचं आता वाईट वाटतं. रखमा त्या कागदांवर आणखी सात-आठ महिने जगली.

वैशंपायन पुढे कुलगुरू झाले. पेपरात फोटो आला होता.

अकरा-बारा वर्षांपूर्वी नातीने मला बातमी वाचून दाखवली. उंदरांच्या मेंदूत अशा पेशी असतात म्हणे, की त्यांच्यावर जनावर आपण कुठे आहोत याचा हिशोब ठेवतं, अंधारातसुद्धा. ज्यांनी त्या शोधल्या त्यांना जगातलं मोठं बक्षीस मिळालं. त्यांनी मेंदूत तारा घालून शोधल्या, माझ्याकडे नुसतं चाक होतं. त्यांचं मोठेपण मोठंच आहे, माझं त्यांच्याशी भांडण नाही. नात म्हणाली, आजी, तू रडतेस का? मी म्हटलं, रडत नाही, चिडले आहे. रडणं वेगळं दिसतं.

पिंपळखुटे सरांचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. नव्व्याण्णव साली मी त्यांच्या घरी गेले. बत्तीस वर्षांचा एकच प्रश्न घेऊन गेले होते, रेल्वेत तो पुन्हा पुन्हा घोकला होता. सुनेने दार उघडलं. म्हणाली, "बाबांना आता ओळख पटत नाही. रस्ते तर आधीच विसरले. दोनदा पोलिसांनी घरी आणलं. आता घरातल्या घरातही चुकतात." सर ओसरीच्या मधोमध उभे होते. बारीक झाले होते. समोर तीन दारं होती आणि ते तिन्हींकडे आळीपाळीने बघत होते.

"सर, त्या दिवशी टेबल हललं होतं ना?"

"कोणतं टेबल?" ते नम्रपणे म्हणाले. "बाई, माझी खोली कुठे आहे हो?"

अशा वेळी मनातला राग निवला, कीव आली, असं लिहायची पद्धत आहे. माझा निवला नाही. ज्याच्या तोंडून ते ऐकायचं होतं असा एकच माणूस उरला होता आणि त्यानेही कोरी पाटी पुढे केली होती. पण त्यांना तिथे उभं ठेववेना. सुनेने मधलं दार दाखवलं. मी सरांचं कोपर धरलं, तेच, उजवं, आणि त्यांना वळवून खोलीत नेलं. खुर्चीवर बसवलं.

"फार उपकार झाले," ते म्हणाले. "आपण कोण?"

"टेबलवाली."

त्यांनी मान डोलावली, आणि शेजारच्या टेबलावर कोपर टेकलं. ते टेबल चार पायांचं होतं, भक्कम, हलणारं नव्हतं. तरी मी बराच वेळ त्याच्या कडेकडे बघत उभी राहिले.